ड्युटी-फ्रीची बाटली हिंजवडीपर्यंत कशी आणायची? विमानात ५ लिटर, कस्टम्सला २ लिटर... आणि पुढे काय?

मुळशी म्हटलं की कुणाला धरण आठवतं, कुणाला ताम्हिणीतला पाऊस, कुणाला थेट 'मुळशी पॅटर्न'. पण याच मुळशी तालुक्यात हिंजवडी, माण आणि मारुंजी ही गावं येतात. म्हणजे पुण्याचं सगळ्यात मोठं आयटी पार्कही मुळशीतच. इथून दर आठवड्याला कुणीतरी ऑनसाइटला जातं, कुणीतरी परत येतं. आणि परत येणाऱ्याच्या फोनवर विमान सुटायच्या आधीच मेसेज पडलेला असतो, "येताना दोन बाटल्या घेऊन ये रे."

मग ग्रुपवर चर्चा सुरू होते. एक म्हणतो दोन लिटर चालतात. दुसरा एअरलाइनच्या साइटचा स्क्रीनशॉट टाकतो, त्यावर ५ लिटर लिहिलेलं असतं. तिसरा सांगतो, ड्युटी-फ्रीमधून घेतली तर कितीही चालते, म्हणून तर नाव ड्युटी-फ्री आहे. चौथा छातीठोकपणे म्हणतो, एकदा एअरपोर्टच्या बाहेर पडलास की विषय संपला.

गंमत अशी की यातल्या पहिल्या दोघांचं बरोबर आहे, फक्त ते वेगवेगळ्या नियमांबद्दल बोलत आहेत. आणि शेवटच्या दोघांचं ऐकलं तर बाटलीपेक्षा जास्त पैसे जाऊ शकतात, प्रसंगी पोलीस केसही होऊ शकते.

सगळा घोळ एका गोष्टीमुळे होतो. आपल्याला वाटतं परदेशातून आणलेल्या बाटलीला एकच नाका लागतो, तो म्हणजे कस्टम्स. प्रत्यक्षात नाके तीन आहेत. पहिला विमानाचा, दुसरा कस्टम्सचा आणि तिसरा महाराष्ट्र सरकारचा. प्रत्येकाचा नियम वेगळा, कारण वेगळं आणि एका नाक्यावर सुटलात म्हणजे पुढच्यावर सुटलात असं होत नाही. एकेक बघूया.

पहिला नाका : विमान

एअरलाइनच्या साइटवरचा ५ लिटरचा आकडा खरा आहे, पण त्याचा टॅक्सशी काही संबंध नाही. तो आहे आगीचा नियम. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमांत त्याचे तीन गट केलेत.

२४ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली पेयं, म्हणजे बिअर आणि बहुतेक वाइन, यांना सुरक्षेच्या दृष्टीने मर्यादा नाही. २४ ते ७० टक्के, म्हणजे व्हिस्की, रम, व्होडका, जिन, यांना माणशी ५ लिटर, आणि तेही दुकानातल्या मूळ सीलबंद पॅकिंगमध्ये. ७० टक्क्यांच्या वरचं काही असेल तर ते विमानात चढतच नाही, ना हातातल्या बॅगेत, ना चेक-इनमध्ये.

म्हणजे एअरलाइन फक्त एवढंच सांगते की इतकी दारू विमानात असली तरी आमची हरकत नाही. उतरल्यावर त्यावर किती ड्युटी लागेल, हे तिचं काम नाही आणि ती ते सांगतही नाही.

दुसरा मुद्दा हातातल्या बॅगेचा. सुरक्षा तपासणीत १०० मिलीपेक्षा मोठ्या डब्यातला द्रव पदार्थ अडवला जातो. ड्युटी-फ्रीचं दुकान तपासणीच्या पलीकडे असतं म्हणून तिथली बाटली हातात चालते. दुकानदार ती पारदर्शक, सीलबंद पिशवीत घालून देतो आणि पावती आत दिसेल अशी ठेवतो. ही पिशवी घरी पोहोचेपर्यंत फोडायची नाही. मध्ये दुसऱ्या देशात विमान बदलायचं असेल आणि तिथे पुन्हा तपासणी झाली, तर फुटलेल्या पिशवीतली बाटली सरळ कचऱ्याच्या डब्यात जाते.

पुणेकरांना हा मुद्दा जास्त लागू होतो, कारण लोहगावहून थेट परदेशी विमानं मोजकीच आहेत. बरेच जण मुंबईला उतरून एक्स्प्रेस-वेने येतात, नाहीतर दिल्लीला उतरून पुण्याचं डोमेस्टिक विमान पकडतात. दिल्लीमार्गे येत असाल तर सोपा उपाय आहे. साधारणपणे पहिल्या भारतीय विमानतळावर तुम्ही सामान घेता, कस्टम्स करता आणि मग बॅग पुन्हा चेक-इनला देता. बॅग देण्याआधीच बाटल्या कपड्यांत गुंडाळून तिच्यात टाका. पुढच्या तपासणीत वाद घालायची वेळ येणार नाही.

दुसरा नाका : कस्टम्स

आता मुख्य विषय. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला माणशी २ लिटर दारू ड्युटीशिवाय आणता येते. यात व्हिस्की, वाइन, बिअर सगळं एकत्र धरलं जातं. २ लिटर व्हिस्की अधिक २ लिटर वाइन, असं नाही. ३३० मिलीचे सहा बिअर कॅन आणलेत तर १.९८ लिटर झाले, तुमचा कोटा तिथेच संपला.

बाटलीच्या मापाकडेही बघा. ड्युटी-फ्रीमध्ये बहुतेक बाटल्या १ लिटरच्या असतात, त्यामुळे दोन घेतल्या की हिशोब बरोबर बसतो. पण युरोपातल्या साध्या दुकानातली बाटली ७०० मिलीची असते. तशा तीन आणल्या तर २.१ लिटर होतात, म्हणजे कागदावर १०० मिली जास्त.

इथे लोक चार ठिकाणी फसतात.

एक, "दुकान ड्युटी-फ्री आहे म्हणजे आणणंही ड्युटी-फ्री." दुबईचं दुकान ड्युटी-फ्री आहे म्हणजे तिथल्या सरकारने त्या बाटलीवर कर घेतलेला नाही, कारण ती त्यांच्या देशात प्यायली जाणार नाही. भारत सरकारने तुम्हाला काही माफ केलेलं नाही. भारताची माफी वेगळी आहे आणि ती २ लिटरला संपते.

दोन, दोन दुकानांची बेरीज. दुबईत दोन बाटल्या घेतल्या आणि मुंबईला उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याआधी चकाचक दुकान दिसलं म्हणून तिथे अजून दोन घेतल्या. मुंबईच्या दुकानदाराला तुमच्या बॅगेत काय आहे ते माहीत नसतं. तो पासपोर्ट आणि बोर्डिंग पास बघून त्याच्या हिशोबाने देतो. कस्टम्सचा अधिकारी मात्र एकूण बेरीज धरतो.

तीन, किंमत. २ लिटर ही मापाची मर्यादा आहे. त्याशिवाय तुम्ही आणलेल्या सगळ्या नव्या वस्तूंच्या एकूण किमतीचीही मर्यादा असते. २०१६ च्या बॅगेज नियमांत ती भारतीय रहिवाशासाठी ५० हजार रुपये होती, फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत ७५ हजार झाली. दोन बाटल्यांची किंमतही याच रकमेत मोजली जाते. त्यामुळे एकच लिटर पण लाखभर रुपयांची दुर्मिळ सिंगल माल्ट आणली, तर "एकच तर बाटली आहे साहेब" हे चालत नाही.

चार, फॅमिली पॅक. ही सवलत माणशी असते, कुटुंबाची एकत्र करता येत नाही. नवरा-बायको दोघं आलात तर दोघांचे दोन-दोन लिटर होतात, पण एकाच्या नावावर चार लिटर आणि दुसऱ्याचा कोटा उसना, असं नाही. आपापल्या बाटल्या आपापल्या सामानात आणि पावती आपापल्या नावाची, हे बरं. मुलांच्या नावावर बाटल्या मोजायचा विचार तर करूच नका.

जास्त आणली तर किती पैसे लागतात?

आणायला बंदी नाही, ड्युटी भरायची. पण दर ऐकून बऱ्याच जणांचा विचार बदलतो.

बॅगेतल्या इतर वस्तूंना एक सरसकट बॅगेज दर लागतो. दारूला तो लागत नाही. ती त्या दरातून मुद्दाम वगळली आहे, त्यामुळे दारूवर तिचा स्वतःचा आयात दर लागतो. व्हिस्की, रम, वाइन वगैरेंसाठी तो साधारण १५० टक्के आहे. २०२१ च्या अर्थसंकल्पात याची विभागणी ५० टक्के मूळ सीमाशुल्क आणि १०० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर अशी झाली, पण बेरीज तीच राहिली. अमेरिकेच्या बर्बन व्हिस्कीवरचा एकूण दर फेब्रुवारी २०२५ मध्ये १५० वरून १०० टक्क्यांवर आला. बिअरचा दरही व्हिस्कीपेक्षा कमी आहे.

उदाहरण घ्या. समजा तुमची तिसरी बाटली ४,००० रुपयांची आहे. १५० टक्क्यांनी तिची ड्युटी झाली ६,०००. म्हणजे बाटली पडली १० हजारांना. एवढ्यात ती बाणेरच्या दुकानात कितीला मिळते ते आधी बघून घ्या. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणलं. इतर राज्यांतून आणि चोरवाटांनी येणाऱ्या बाटल्या कमी व्हाव्यात, हा त्यामागचा एक हेतू होता. तेव्हापासून दुकानातल्या आणि ड्युटी-फ्रीतल्या किमतींमधलं अंतर पूर्वीइतकं राहिलेलं नाही. तिसऱ्या बाटलीचा हट्ट बहुतेक वेळा तोट्याचाच असतो.

रेड चॅनल की ग्रीन चॅनल?

सामान घेऊन बाहेर पडताना दोन रस्ते दिसतात. ग्रीन चॅनलमधून चालत गेलात याचा अर्थ, तोंडाने काही न बोलता तुम्ही सरकारला सांगितलंत की माझ्याकडे ड्युटी लागेल असं काहीही नाही. तिथे चौथी बाटली सापडली तर विषय फक्त ड्युटीचा राहत नाही, खोटं सांगितल्याचा होतो. सीमाशुल्क कायदा १९६२ नुसार माल जप्त होऊ शकतो, सोडवायचा तर दंड भरावा लागतो आणि वर वेगळा दंड लागू शकतो.

जास्त बाटल्या असतील तर रेड चॅनलला जा, सांगा, ड्युटी भरा आणि पावती घ्या. कस्टम्सच्या 'अतिथी' ॲपवरून विमानात बसायच्या आधीही ही माहिती भरता येते. ड्युटी परवडत नसेल तर याच कायद्याच्या कलम ८० मध्ये एक सोय आहे. वस्तू आधी नीट जाहीर केली असेल, तर ती कस्टम्सकडे ठेवून परत जाताना घेता येते. सुट्टीला आलेल्या एनआरआय मंडळींना ही तरतूद उपयोगी पडते, पण अट एकच. आधी सांगायचं, पकडल्यावर नाही.

तिसरा नाका : महाराष्ट्र

आता तो भाग, जो ग्रुपवर कुणीच सांगत नाही. कस्टम्समधून बाहेर पडलात, गाडी एक्स्प्रेस-वेला लागली. विषय संपला का? नाही. इथून पुढे तुम्ही राज्याच्या कायद्यात आलात.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत कामांची वाटणी आहे. सीमाशुल्क आणि परदेशातून होणारी आयात केंद्राकडे. दारू बनवणं, बाळगणं, नेणं, विकणं, हे राज्याकडे. म्हणून केंद्राने २ लिटर माफ केले तरी ती दारू जवळ बाळगायचे नियम राज्यच ठरवतं.

हा वाद नवीन नाही आणि तो कोर्टात नेणारा माणूसही मुंबईचाच होता. तेव्हाच्या मुंबई राज्याने १९४९ मध्ये मुंबई दारूबंदी कायदा आणला. एफ. एन. बलसारा यांनी त्याला हायकोर्टात आव्हान दिलं. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअरपासून ते चक्क यू-डी-कोलोनपर्यंतच्या वस्तू बाळगण्याचा, वापरण्याचा आणि परदेशातून आणण्याचा आपल्याला हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २५ मे १९५१ ला निकाल आला. आयात हा केंद्राचा विषय असला तरी आयात म्हणजे देशात आणणं. आणल्यानंतर ती वस्तू बाळगणं किंवा विकणं हा त्याचा भाग नाही, ते राज्याच्या हातात आहे, असं कोर्टाने सांगितलं. यू-डी-कोलोन आणि अल्कोहोल असलेली औषधं यांच्यावरची बंदी कोर्टाने उडवली, पण दारूवरची राज्याची सत्ता कायम ठेवली.

तोच कायदा आज 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम' या नावाने लागू आहे. हो, नाव अजूनही दारूबंदीच आहे. म्हणजे महाराष्ट्रात मूळ नियम बंदीचा आहे आणि परवाना हा त्याला अपवाद आहे. म्हणूनच दारू विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. आणि त्या परवान्यावर कारण लिहिलेलं असतं, प्रकृती जपण्यासाठी! एक दिवसाचा ५ रुपयांना, वर्षाचा १०० आणि आजीवन १,००० रुपयांना, असे दर वर्षानुवर्षं चालत आले आहेत. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. घरात दोन बाटल्या ठेवणार असाल तर आजीवन परवाना काढून टाका, एका बाटलीपेक्षा स्वस्त पडतो.

वयाचंही तसंच. राज्यात बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षं, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५ वर्षं. पहिल्या ऑनसाइटहून परतणारा २३ वर्षांचा इंजिनीअर दुबईत बाटली विकत घेऊ शकेल, कस्टम्समधूनही बाहेर पडेल, पण हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये ती बाटली त्याच्या नावावर कायदेशीर ठरत नाही.

मुळशीकरांनी खास लक्ष द्यावं अशा चार जागा

गावाकडची दिवाळी. हिंजवडीत वर्धा आणि गडचिरोलीची पोरं-पोरी कितीतरी आहेत. या दोन्ही जिल्ह्यांत दारूबंदी आहे. वर्ध्यात गांधीजींच्या वास्तव्यामुळे, गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनानंतर १९९३ पासून. (चंद्रपूरची बंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली.) काकांसाठी आणलेली स्कॉच पुण्यात ठीक आहे, पण समृद्धीने वर्ध्याला नेलीत तर ड्युटी-फ्रीची पावती तिथे वाचवणार नाही. विमान अहमदाबादला किंवा पाटण्याला उतरणार असेल तरी हेच, कारण गुजरात आणि बिहार दोन्हीकडे दारूबंदी आहे.

धबधब्याजवळची पार्टी. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली. त्यानंतर पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी पावसाळी पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश काढले, त्यात मुळशी तालुक्यातल्या जागाही होत्या. अशा आदेशांत दारू पिणंच नाही तर तिथे घेऊन जाणंही बंद असतं. बाटली दुबईची आहे की कोपऱ्यावरच्या दुकानातली, हे तिथे कुणी विचारत नाही.

सोसायटीचा ग्रुप. "एक्स्ट्रा बाटली आहे, सील्ड, कुणाला हवी तर डीएम करा." हा मेसेज टाकताना काही वाटत नाही, पण परवान्याशिवाय दारू विकणं हा दारूबंदी कायद्यातला थेट गुन्हा आहे आणि त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. शिवाय ड्युटीची माफी तुमच्या स्वतःच्या वापरासाठी किंवा भेट देण्यासाठी असते, विकण्यासाठी नाही. आणि इथे पुरावा तुम्ही स्वतःच ग्रुपवर टाकलेला असतो.

गोव्याची बाटली. "दुबईहून चालते तर गोव्याहून का नाही?" कारण गोव्याहून येताना कस्टम्स लागतच नाही, त्यामुळे त्याची माफीही नाही. गोव्यात विकायच्या बाटलीवर महाराष्ट्राचं उत्पादन शुल्क भरलेलं नसतं. ती कोकणातून ताम्हिणी घाटाने पौडला आणलीत तर राज्याच्या दृष्टीने ती करचुकवेगिरी. अशा केसमध्ये बाटलीसोबत गाडीही जप्त होऊ शकते.

थोडक्यात लक्षात ठेवायचं काय?

- ५ लिटर हा विमानाचा आकडा, २ लिटर हा कस्टम्सचा. चालायचं ते कमी आकड्याने.
- २ लिटरमध्ये बिअर, वाइन, व्हिस्की सगळं आलं. परदेशातली आणि उतरल्यावर घेतलेली बाटली एकत्र मोजा.
- बाटल्यांची किंमत इतर खरेदीत मिळवा आणि एकूण मर्यादेशी ताडून बघा.
- सीलबंद पिशवी फोडू नका. डोमेस्टिक विमान पकडायचं असेल तर बाटली चेक-इन बॅगेत टाका.
- जास्त असेल तर रेड चॅनल. ग्रीनमधून जाऊन नशीब आजमावू नका.
- बिल, बोर्डिंग पास आणि ड्युटी भरली असेल तर त्याची पावती, यांचे फोटो फोनमध्ये ठेवा. बाटली संपेपर्यंत डिलीट करू नका.
- महाराष्ट्राचा परवाना काढा. वय २५ पूर्ण नसेल तर कडक दारू आणूच नका.
- विकू नका, दारूबंदीच्या जिल्ह्यात नेऊ नका, आणि गाडीत फोडू तर अजिबात नका.

दर आणि रकमा अर्थसंकल्पात बदलतात, त्यामुळे निघायच्या आधी कस्टम्सच्या अधिकृत साइटवर एकदा नजर टाका. तीन नाक्यांचा हिशोब मात्र १९५१ पासून तसाच आहे. म्हणून पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी "एअरपोर्टच्या बाहेर आलास की विषय संपला" म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा, "परवाना आहे का तुझ्याकडे?"

(मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे. पिऊन गाडी चालवू नका.)